मीटरवर ३.२ आलं, पण ३.२ काय?

"गॅलरीसमोरून हायटेन्शन लाईन जाते. ऑनलाइन मीटर मागवलं, बेडरूममध्ये ३.२ दाखवतंय. घर बदलावं का?" या धर्तीचे प्रश्न मला नेहमी येतात, आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा घरातल्या लहान मुलाची काळजी असते. म्हणून उत्तर घाईने देता येत नाही. आधी विचारावं लागतं: ३.२ काय? मिलिगॉस की मायक्रोटेस्ला?

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक हँडहेल्ड ईएमएफ (विद्युत-चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या) मीटरवर एकक बदलायचं बटण असतं. चुंबकीय क्षेत्र मिलिगॉसमध्येही दाखवता येतं आणि मायक्रोटेस्लामध्येही. १ मायक्रोटेस्ला म्हणजे १० मिलिगॉस. म्हणजे ३.२ मिलिगॉस असेल तर ते ०.३२ मायक्रोटेस्ला झालं. बटण चुकून दाबलं गेलं की तीच जागा दहापट धोकादायक वाटू लागते. काही युरोपीय मीटर नॅनोटेस्लामध्ये बोलतात, तिथे हाच आकडा ३२० दिसेल. तेव्हा मीटर हातात आलं की आधी स्क्रीनच्या कोपऱ्यातलं बारीक अक्षरातलं एकक वाचा.

एकक कळलं, तरी पुढचा प्रश्न उरतोच. हे मीटर नेमकं मोजतं काय?

विजेच्या तारेभोवती दोन वेगळी क्षेत्रं असतात. तारेवर दाब, म्हणजे व्होल्टेज, असलं की विद्युत क्षेत्र तयार होतं. त्यासाठी प्रवाह वाहायची गरज नाही. बेडलॅम्प बंद असला तरी त्याच्या वायरपर्यंत फेज आलेला असतो, म्हणून क्षेत्र असतंच. ते व्होल्ट प्रति मीटरमध्ये मोजतात. तारेतून प्रवाह वाहू लागला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते प्रवाहाबरोबर कमीजास्त होतं. दुपारी दोनला घेतलेला आकडा आणि संध्याकाळी सगळ्या सोसायटीचे गीझर-एसी चालू असताना घेतलेला आकडा वेगळा येतो, तो यामुळे. विद्युत क्षेत्र भिंत, झाड, पत्रा यांनी बरंच अडतं. चुंबकीय क्षेत्र विटा, काँक्रीट आणि आपल्या शरीरातून जवळजवळ जसंच्या तसं आरपार जातं. म्हणून भिंतीला अ‍ॅल्युमिनियम फॉइल चिकटवून मायक्रोटेस्ला कमी होत नाहीत.

मीटरच्या पोटात काय असतं

साध्या गॉसमीटरमध्ये, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या मीटरमध्ये, तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल असते. १८३१ मध्ये मायकेल फॅरेडेने दाखवलेलं तत्त्व इथे वापरलेलं असतं: कॉइलमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदललं की तिच्या टोकांना व्होल्टेज उमटतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे क्षेत्र सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होतं. समजा कॉइलला १,००० वेढे आहेत आणि तिचं तोंड ४ चौरस सेंटीमीटर आहे. ०.१ मायक्रोटेस्लाच्या क्षेत्रात तिच्या टोकांवर जेमतेम साडेबारा मायक्रोव्होल्ट मिळतात. व्होल्टच्या लाखाव्या भागाइतका हा इवलासा इशारा वाढवून स्क्रीनवर आणायचा असतो. स्वस्त मीटरमध्ये दशांशानंतरचे आकडे नाचतात ते म्हणूनच. त्यावर फार जीव टाकू नये.

या रचनेतून दोन मर्यादा आपोआप येतात, आणि बहुतेक गैरसमज या दोनच ठिकाणी होतात.

पहिली दिशेची. कॉइल ज्या दिशेला तोंड करून असते, त्या दिशेचंच क्षेत्र तिला कळतं. एक-अक्षीय मीटर आडवं धरलं तर एक आकडा, उभं धरलं तर दुसरा. समजा उशीपाशी तीन काटकोनी दिशांना धरून ०.३, ०.२ आणि ०.६ मायक्रोटेस्ला आलं. खरं क्षेत्र यातलं कुठलंच नाही. तिघांचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा: ०.०९ अधिक ०.०४ अधिक ०.३६ म्हणजे ०.४९, त्याचं वर्गमूळ ०.७. ज्याने मीटर फक्त दुसऱ्या दिशेला धरलं, तो ०.२ वाचून निर्धास्त होईल. तीन कॉइलवालं त्रि-अक्षीय मीटर हे गणित स्वतः करतं. किंमत जास्त पडते, पण घरगुती वापरासाठीही मी तेच घ्यायला सांगेन. एक-अक्षीय असेल तर तीनही दिशा मोजायची सवय लावून घ्या, आणि तेवढ्या वेळात आसपासचा लोड बदलणार नाही हे बघा.

दुसरी मर्यादा वारंवारितेची. मीटरच्या माहितीपत्रकात '३० ते ३०० हर्ट्झ' किंवा '३० ते २,००० हर्ट्झ' असं लिहिलेलं असतं. त्या पट्ट्याबाहेरचं मीटरला नीट कळत नाही. इंडक्शन शेगडी हे याचं उत्तम उदाहरण. शेगडीतली कॉइल साधारण २० ते ५० किलोहर्ट्झवर चालते. ३०० हर्ट्झपर्यंतचं मीटर शेगडीशेजारी किरकोळ आकडा दाखवेल आणि आपण समजू की इथे काहीच नाही. शेगडी मोजायची तर १०० किलोहर्ट्झपर्यंत जाणारं मीटर लागतं, आणि तुलनेची मर्यादाही वेगळी धरावी लागते. अशा क्षेत्रांपासून संरक्षणाच्या मर्यादा सुचवणारा आंतरराष्ट्रीय आयोग आयसीएनआयआरपी त्या वारंवारितेला सामान्य नागरिकांसाठी २७ मायक्रोटेस्ला सांगतो. पट्ट्याच्या खालच्या टोकालाही हीच गत. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधल्या रेल्वेच्या तारांत १६.७ हर्ट्झची वीज असते. म्युनिक किंवा झुरिकमध्ये रुळांलगत राहणाऱ्या मराठी कुटुंबाने ३० हर्ट्झपासून सुरू होणारं मीटर वापरलं, तर गाड्यांच्या विजेचं क्षेत्र त्यातून निसटेल.

मोबाईल टॉवर तर या पट्ट्याच्या कितीतरी पलीकडे आहे. टॉवरच्या लहरी शेकडो मेगाहर्ट्झ आणि त्यावरच्या. त्या मोजायला आरएफ, म्हणजे रेडिओ लहरींचं, मीटर लागतं, आणि मोजमापही वॉट प्रति चौरस मीटरमध्ये होतं. गॉसमीटर टॉवरकडे रोखून काही उपयोग नाही. आकडा हललाच, तर तो बहुधा जवळच्या वायरिंगचा असतो.

अमेरिकन बाजारासाठी बनलेल्या मीटरांबाबत आणखी एक गोष्ट. त्यातली काही मीटरं वारंवारितेनुसार आकड्याला वजन देतात आणि ६० हर्ट्झला बरोबर दाखवतील अशी लावलेली असतात. आपल्या ५० हर्ट्झवर अशा मीटरचा आकडा पाच-षष्ठांश येतो: खरं ३ मिलिगॉस असेल तर २.५ दिसतं. फरक मोठा नाही, पण दोन मीटर शेजारी ठेवून 'कुठलं खरं' म्हणून डोकं धरून बसण्याआधी हे माहीत असावं.

मोबाईलमधलं अ‍ॅप

फुकट मिळणारी 'ईएमएफ डिटेक्टर' अ‍ॅप्स फोनमधल्या होकायंत्राचा सेन्सर वापरतात. तो सेन्सर पृथ्वीचं स्थिर चुंबकीय क्षेत्र मोजायला बसवलेला असतो. मुंबई-कोकण पट्ट्यात ते साधारण ४० ते ४५ मायक्रोटेस्ला आहे. अ‍ॅप उघडलं की हाच आकडा समोर येतो आणि माणसाच्या पोटात गोळा येतो, कारण त्याने कुठेतरी '०.४ च्या वर धोका' असं वाचलेलं असतं. पण ते क्षेत्र स्थिर आहे, सेकंदाला ५० वेळा उलटत नाही, आणि त्यात माणूसजात पहिल्यापासून राहते आहे. फोनच्या कव्हरला लोहचुंबक असेल तर आकडा शेकड्यांत जातो. शिवाय होकायंत्राचा सेन्सर सेकंदाला जेवढ्या वेळा वाचतो, तेवढ्यात ५० हर्ट्झची लहर धडपणे पकडताच येत नाही. या कामासाठी अ‍ॅप वापरू नका.

पृथ्वीच्या या क्षेत्राचा चांगल्या मीटरलाही थोडा त्रास होतो. मीटर झटक्याने फिरवलं की कॉइलला ते क्षेत्र 'बदलताना' दिसतं आणि आकडा क्षणभर उसळतो. म्हणून मीटर एका जागी स्थिर धरायचं, दोन-चार सेकंद थांबायचं, मग वाचायचं.

स्थिर क्षेत्र मोजणाऱ्यांना माणसाच्या विजेचा उपद्रव होतो, याची आपल्याकडची गोष्ट सांगण्यासारखी आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून भूचुंबकीय नोंदी घेतल्या जात होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार हे ठरल्यावर तिथले शास्त्रज्ञ सावध झाले, कारण ट्रामच्या प्रवाहाचं क्षेत्र नोंदींत मिसळणार होतं. म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा सुरू केली, लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत. दोन्हीकडच्या नोंदी काही काळ बरोबरीने घेऊन ताळमेळ बसवला, आणि १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. अलिबागच्या नोंदी आजही चालू आहेत. उपकरण उत्तम असलं तरी आजूबाजूला काय चाललंय याचा विचार आधी करावा लागतो, हे त्या मंडळींनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

विद्युत क्षेत्राचा आकडा जपून घ्या

बऱ्याच मीटरांत चुंबकीयच्या जोडीला विद्युत क्षेत्राचीही सोय असते. ती वापरताना एक अडचण लक्षात ठेवा: मीटर धरणारा माणूस स्वतः वाहक आहे. तुमचं शरीर ते क्षेत्र वाकवतं, मीटरच्या तोंडापाशी दाटवतं. चप्पल घातली की काढली यानेही आकडा बदलू शकतो. म्हणून विजेच्या लाईनखाली रीतसर मोजणी करणारे सेन्सर इन्सुलेटिंग दांड्यावर किंवा स्टँडवर ठेवतात आणि स्वतः लांब उभे राहतात. हातातल्या मीटरवरचे व्होल्ट प्रति मीटर फक्त तुलनेला वापरा: दिवा बंद-चालू करून, प्लग काढून, पिन उलट घालून काय फरक पडतो एवढंच बघा. दिवा बंद असतानाही वायरभर क्षेत्र राहत असेल आणि दोन-पिनी प्लग उलटा घातल्यावर ते पडत असेल, तर बटण फेज तोडण्याऐवजी न्यूट्रल तोडत होतं. ही उपयोगाची माहिती आहे.

२०० आणि ०.४, दोन्ही आकडे कुठून आले

घाबरवणारे लोक एक आकडा सांगतात, धीर देणारे दुसरा. दोन्ही खरे आहेत, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

आयसीएनआयआरपीच्या २०१० च्या मार्गदर्शक तत्त्वांत ५० हर्ट्झसाठी सामान्य नागरिकांची पातळी २०० मायक्रोटेस्ला आणि ५ किलोव्होल्ट प्रति मीटर आहे. १९९८ च्या आवृत्तीत चुंबकीय पातळी १०० होती. खूप तीव्र क्षेत्राने शरीरात प्रवाह उमटतो, डोळ्यांपुढे प्रकाश चमकल्याचा भास होतो, नसा उद्दीपित होतात. या तात्काळ, प्रयोगांत सिद्ध झालेल्या परिणामांपासून भरपूर अंतर राखून ही पातळी ठरवली आहे.

०.४ चा उगम लोकसंख्येच्या अभ्यासात आहे. १९७९ मध्ये नॅन्सी वर्थाइमर आणि एड लीपर यांनी अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये घराजवळच्या वीजतारा आणि लहान मुलांमधला कर्करोग यांचा संबंध दिसतो असं मांडलं. त्यानंतर अनेक देशांत अभ्यास झाले. २००० मध्ये ते एकत्र करून पाहिले, तेव्हा ज्या घरांत सरासरी क्षेत्र ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लाच्या वर होतं तिथल्या मुलांत रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण साधारण दुप्पट दिसलं. अशी घरं फारच थोडी होती. प्राण्यांवरच्या प्रयोगांनी याला आधार दिला नाही, आणि इतक्या दुबळ्या क्षेत्राने कर्करोग कसा व्हावा याची मान्य अशी यंत्रणाही सापडली नाही. अभ्यासासाठी कुटुंबं निवडण्याच्या पद्धतीमुळेही आकडा फुगलेला असू शकतो. हे सगळं तोलून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००२ मध्ये या चुंबकीय क्षेत्राला '२ब', म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक', या गटात ठेवलं. शंका नोंदली, पुरावा अपुरा म्हटला.

यातला 'सरासरी' हा शब्द महत्त्वाचा आहे. ०.४ ही झोपायच्या-राहायच्या जागी दिवसरात्र मिळून येणारी पातळी आहे. मिक्सरला मीटर टेकवून आलेला आकडा तिच्याशी ताडून बघणं चूक आहे. हेअर ड्रायर ३ सेंटीमीटरवर ६ पासून २,००० मायक्रोटेस्लापर्यंत काहीही दाखवू शकतो, ३० सेंटीमीटरवर तोच ०.०१ ते ७, आणि एक मीटरवर ०.०३ च्या आत. फ्रिज ३० सेंटीमीटरवर ०.२५ च्या वर सहसा जात नाही. मोटर किंवा ट्रान्सफॉर्मरच्या कॉइलचं क्षेत्र अंतराच्या घनाने उतरतं: अंतर दुप्पट केलं की ते आठव्या हिश्शावर येतं.

काळजी करायचीच तर ती अशा जागेची करावी जिथे क्षेत्र सतत असतं आणि माणूसही सतत असतो. बहुतेकदा ती जागा म्हणजे पलंगाची उशाकडची बाजू, भिंतीपलीकडे इमारतीचा मीटर बोर्ड किंवा खाली रोहित्राची (ट्रान्सफॉर्मरची) खोली असेल तर. इथे लोक ११ केव्हीच्या तारेला घाबरतात आणि चुकीच्या बाजूला बघतात. ६३० केव्हीएच्या रोहित्रात पूर्ण भाराला ११ केव्हीच्या बाजूने फेजमागे ३३ अँपियर वाहतात. लघुदाब बाजूने, ४३३ व्होल्टवर, ८४० अँपियर. चुंबकीय क्षेत्र प्रवाहाचं असतं. म्हणून जाड बसबार (प्रवाह नेणाऱ्या धातूच्या पट्ट्या) आणि लघुदाब केबल ज्या भिंतीला लागून गेल्या आहेत, तिच्या वरच्या किंवा शेजारच्या खोलीत आधी मोजा.

मला या मीटरचा सर्वांत मोठा उपयोग वाटतो तो वेगळाच

एक सरळ हिशेब करू. २ किलोवॉटचा गीझर २३० व्होल्टवर ८.७ अँपियर घेतो. फेजमधून ८.७ जातात, न्यूट्रलमधून ८.७ परत येतात. दोन्ही वायरी एकाच पाइपातून ५ मिलिमीटर अंतराने शेजारी असतील तर त्यांची क्षेत्रं एकमेकांना जवळजवळ मारतात, आणि ३० सेंटीमीटरवर उरतं ०.१ मायक्रोटेस्ला. आता समजा फेज या भिंतीतून गेला आणि न्यूट्रल भलतीकडून परतला. त्याच ३० सेंटीमीटरवर एकट्या फेजचं क्षेत्र ५.८ मायक्रोटेस्ला होतं. गीझर तोच, बिल तेच, आकडा जवळजवळ साठपट. आणि एकट्या तारेचं क्षेत्र उतरतंही सावकाश, अंतर दुप्पट तर फक्त निम्मं. म्हणून खोलीच्या मधोमधही ते भरून राहतं.

घरात एखाद्या उपकरणापाशी नव्हे तर अख्ख्या खोलीत बऱ्यापैकी क्षेत्र मिळालं, तर मला आधी हीच शंका येते. जिन्याच्या टू-वे दिव्याला फेज खालच्या मजल्याच्या सर्किटचा आणि न्यूट्रल वरच्या मजल्याचा घेतलेला असतो. दोन सर्किटचे न्यूट्रल एका जंक्शन बॉक्समध्ये पिळून जोडलेले असतात. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे न्यूट्रल मिळाला नाही म्हणून वायरमनने अर्थिंगची वायरच न्यूट्रल म्हणून वापरलेली असते. मग भाराचा प्रवाह अर्थिंगमधून, कधी पाण्याच्या लोखंडी पाइपातून वाहतो. अशा घरात अर्थिंगची वायर कुठे सुटली तर गीझरच्या, वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर फेज उतरतो. ०.४ मायक्रोटेस्लाच्या परिणामावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. ओल्या हाताने असा पत्रा धरल्यावर काय होतं, त्याबद्दल कुणालाच शंका नाही. मीटर घेतलंच आहे तर हा दोष शोधायला वापरा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

तपासायची पद्धत साधी. घरात नेहमीचा लोड चालू ठेवून खोलीच्या मध्यभागी, जमिनीपासून एक मीटर उंचीवर मोजा. क्षेत्र सगळीकडे सारखं नसेल तर अर्धा, एक आणि दीड मीटरवर मोजून सरासरी घ्या. आयईसी ६२११० या प्रमाणकात हीच रीत आहे. स्वतःचा मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. मग मेन स्विच बंद करा. आकडा तसाच राहिला तर क्षेत्र बाहेरून येतंय: रस्त्यावरची केबल, शेजारचा बोर्ड, खालचं रोहित्र. आकडा कोसळला तर उगम तुमच्याच वायरिंगमध्ये आहे. मग सगळ्या एमसीबी (एकेका सर्किटचे स्विच) बंद करून मेन चालू करा आणि एकेक एमसीबी चालू करत जा. कुठल्या सर्किटला आकडा उसळतो ते कळेल. पुढचं काम तुमचं नाही. बोर्ड उघडू नका. परवानाधारक वायरमनला बोलवा आणि त्या सर्किटचे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र क्लँप मीटरच्या (तारेभोवती धरून प्रवाह मोजणाऱ्या मीटरच्या) जबड्यात घेऊन बघायला सांगा. वायरिंग ठीक असेल तर शून्य यायला हवं. शून्य नाही आलं, तर जेवढे अँपियर दिसतात तेवढे भलत्या वाटेने परततायत.

३० मिलिअँपियरची आरसीसीबी, म्हणजे गळतीचा प्रवाह दिसला की वीज तोडणारा स्विच, हीच बेरीज सतत करत असते. जाणारा आणि येणारा प्रवाह जुळला नाही की ती पडते. नवी आरसीसीबी बसवल्यावर वरचेवर पडते म्हणून कुणी ती काढून टाकायला सांगत असेल, तर ऐकू नका. बऱ्याचदा तिने न्यूट्रलचा हाच घोळ पकडलेला असतो.

मीटर घेऊन दारोदार फिरणारे, राउटरला टेकवून आकडा दाखवणारे आणि मग स्टिकर, चिप किंवा लॉकेट विकणारे लोक भेटतील. त्यांना एकच करायला सांगा: स्टिकर लावण्याआधी आणि नंतर, मीटर टेबलावर न हलवता ठेवून, तेवढ्याच अंतरावरून मोजा. आकडा उतरला असेल तर मीटर किंवा वायर सरकली आहे.

बाहेरून येणारं क्षेत्र तुम्हाला बंद करता येत नाही, पण पलंग हलवता येतो. मीटर बोर्डाच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीला नेला आणि पुन्हा उशीपाशी मोजलं, तर आकडा बहुतेक वेळा चांगलाच खाली येतो. मोजणी संध्याकाळी करा, आणि तारीख, वेळ, जागा, उंची, एकक लिहून ठेवा. तोच कागद घेऊन महावितरणच्या कार्यालयात किंवा सोसायटीच्या बैठकीत गेलात, तर समोरच्याला तुमच्या नोंदींवरून पुढची तपासणी ठरवता येईल.